प्रश्नावली कशी तयार करावी : निर्णयापासून मागे येत प्रश्नापर्यंत

सर्वेक्षण करायचे ठरले की बहुतेक जण पहिल्याच बैठकीत प्रश्न लिहायला घेतात. कोणी एक प्रश्न सुचवतो, दुसरा त्यात भर घालतो, ‘हेही विचारून घेऊ’ असे म्हणता म्हणता यादी चाळीस-पन्नास प्रश्नांवर जाते आणि ती तशीच लोकांच्या हाती पडते. उत्तरे गोळा झाल्यावर मात्र लक्षात येते की निम्म्या उत्तरांचे करायचे काय, हे कोणालाच सांगता येत नाही आणि ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला ती नेमकी विचारायची राहून गेली आहे. प्रश्नावली हे मोजण्याचे साधन आहे. काय मोजायचे हे ठरण्याआधी ते तयार करता येत नाही आणि तयार झाल्यावरही, ते खरोखर तेच मोजते आहे ना, याची खातरजमा केल्यावाचून त्यावर विसंबता येत नाही. पुढे दिलेला क्रम याच दोन गोष्टींभोवती बांधलेला आहे. सोयीसाठी एक कल्पित ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवू या : तेथे येणाऱ्या वाचकांची संख्या घटते आहे आणि ग्रंथालय संध्याकाळी अधिक वेळ उघडे ठेवावे का, हे व्यवस्थापनाला ठरवायचे आहे.

पायरी १ : आधी निर्णय लिहा, मग रिकामे तक्ते

पहिल्या कागदावर प्रश्न लिहू नका. सर्वेक्षणाचे निष्कर्ष हाती आल्यावर कोण, कोणता निर्णय घेणार आहे, हे एका वाक्यात लिहा. ‘वाचकांची मते जाणून घेणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण त्यातून काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे ठरत नाही. ‘संध्याकाळची वेळ दोन तासांनी वाढवायची की नाही, आणि वाढवायची तर आठवड्यातील कोणत्या दिवशी’ हे उद्दिष्ट आहे. ते लिहिल्याबरोबर आवश्यक माहिती आपोआप पुढे येते : सध्या कोण कोणत्या वेळी येते, न येणाऱ्यांना वेळेची अडचण आहे की आणखी कशाची, आणि वेळ वाढवली तर त्यांचे येणे खरोखर शक्य आहे का.

यानंतर अहवालात येणार असलेले तक्ते आधीच आखून घ्या, फक्त आकडे रिकामे ठेवा. उदाहरणार्थ, एका तक्त्यात उभ्या रकान्यांत वयोगट आणि आडव्या ओळींत न येण्याची कारणे असतील. आता प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावा : याचे उत्तर कोणत्या तक्त्याच्या कोणत्या घरात बसणार आहे? ज्याला घर सापडत नाही तो प्रश्न काढून टाका. मंडळींपैकी कोणाला तरी तो अत्यंत रंजक वाटत असतो आणि तो गाळताना वाद होतो, पण हा वाद प्रश्नावली छापण्यापूर्वी झालेला केव्हाही चांगला. उलट एखाद्या तक्त्यासाठी लागणारी माहिती कोणत्याच प्रश्नातून मिळत नसेल, तर तेही याच टप्प्यावर उघड होते. जी माहिती नोंदवह्यांतून किंवा उपलब्ध आकडेवारीतून मिळू शकते ती लोकांना विचारू नये. महिन्याला किती पुस्तके दिली गेली हे ग्रंथालयाच्या नोंदी अधिक अचूक सांगतात.

पायरी २ : कोणाला आणि कोणत्या मार्गाने विचारायचे

नमुना, म्हणजे सगळ्यांऐवजी ज्या थोड्यांना विचारायचे ते लोक, निवडण्याचे शास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, तरी प्रश्न लिहिण्याआधी त्याचा विचार करावाच लागतो. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी कोणाला मत देणार हे विचारणाऱ्या सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या आणि त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या. एवढ्या प्रचंड प्रतिसादावरून उमेदवार लँडन जिंकतील असे भाकीत करण्यात आले, आणि प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनी-सूची आणि मोटारींच्या नोंदणीवरून घेतलेले, म्हणजे तुलनेने सधन लोकांचे होते आणि ज्यांनी आपणहून उत्तर पाठवले ते न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते. जनमत-चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी लहान नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला. ग्रंथालयाच्या दारात प्रश्नावली ठेवली तर ती तेथे येणाऱ्यांनाच मिळेल. निर्णय मात्र न येणाऱ्यांविषयीचा आहे.

नमुना खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा केवळ योगायोगाने निवडलेला असेल आणि समूह मोठा असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे अशा १०० नमुन्यांपैकी सुमारे ९५ मध्ये अंदाज मर्यादेत बसेल अशा बेताने) अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत अंदाज हवा असल्यास सुमारे ३८५ आणि अधिक-उणे ३ टक्क्यांसाठी सुमारे १,०६७ पूर्ण उत्तरे लागतात. वयोगटांची किंवा स्त्री-पुरुषांची वेगवेगळी तुलना करायची असेल, तर हा हिशेब प्रत्येक गटासाठी वेगळा करावा लागतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्यावी : हे आकडे केवळ नमुन्यामुळे येणारी तफावत सांगतात. सदोष प्रश्नामुळे येणारी चूक त्यांत धरलेली नसते आणि नमुना कितीही वाढवला तरी ती कमी होत नाही.

मार्ग निवडला की प्रश्नांची घडण बदलते. समोरासमोर किंवा फोनवर मुलाखत घ्यायची असेल, तर प्रश्न मोठ्याने वाचून पाहा. डोळ्यांना सोपे वाटणारे लांब वाक्य कानाला पेलत नाही आणि पाचव्या पर्यायापर्यंत पहिला पर्याय विसरलेला असतो. ऐकताना शेवटचे पर्याय लक्षात राहतात म्हणून ते अधिक निवडले जाण्याकडे कल असतो, वाचताना नेमके उलटे होऊन वरच्या पर्यायांना झुकते माप मिळते. मोबाइलवर भरायच्या प्रश्नावलीत रुंद तक्ते टाळावेत, कारण अर्धे रकाने पडद्याबाहेर राहतात.

पायरी ३ : उत्तर कसे तयार होते ते समजून घ्या

उत्तर देणाऱ्याच्या मनात काय घडते याचे चार टप्पे मानसशास्त्रज्ञ रॉजर टूरँगो यांनी १९८४ मध्ये मांडले आणि सर्वेक्षणाच्या क्षेत्रात आजही तेच चौकट म्हणून वापरले जातात. माणूस आधी प्रश्नाचा अर्थ लावतो, मग त्यासंबंधीच्या गोष्टी आठवतो, आठवलेल्या गोष्टींवरून काहीएक निर्णयाला येतो आणि शेवटी तो निर्णय आपण दिलेल्या पर्यायांत बसवून सांगतो. या चारही ठिकाणी घसरण्याची शक्यता असते. ‘गेल्या वर्षभरात आपण ग्रंथालयात किती वेळा गेलात?’ या साध्या प्रश्नात ‘जाणे’ म्हणजे पुस्तक परत करण्यासाठी दोन मिनिटे डोकावणेही धरायचे का, हा पहिल्या टप्प्यावरचा घोळ आहे. वर्षभरातील फेऱ्या कोणालाच मोजून आठवत नाहीत, हा दुसऱ्या टप्प्यावरचा. मग माणूस ‘आठवड्यातून एकदा, म्हणजे पन्नासेक’ असा अंदाज बांधतो आणि ‘अगदीच कमी दिसायला नको’ म्हणून तो थोडा वाढवून सांगतो.

हे चारही टप्पे मन लावून पार करणे कष्टाचे असते. प्रश्न कठीण असेल, विषयात गोडी नसेल किंवा थकवा आला असेल, तर माणूस पुरेसे वाटेल इतपत उत्तर देऊन पुढे सरकतो : पहिला बरा पर्याय निवडतो, सगळ्यांना ‘सहमत’ म्हणतो, किंवा सरळ मधल्या रकान्यात खुणा करत जातो. जॉन क्रॉसनिक यांनी १९९१ मध्ये या वर्तनाची सविस्तर मांडणी केली. याला उत्तरदात्याचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने आपला वेळ आपल्याला फुकट दिलेला असतो. त्याचे कष्ट कमी करणे ही प्रश्न लिहिणाऱ्याचीच जबाबदारी आहे, असे मला ठामपणे वाटते.

पायरी ४ : प्रश्नाचे शब्द

येथे घाई करू नये. शब्दांतील फरकामुळे निष्कर्ष किती बदलू शकतो याचे पुरावे जुने आणि भक्कम आहेत. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील एका गटाला लोकशाहीविरोधी भाषणांवर ‘बंदी घालावी का’ असे विचारले होते, तर तशाच दुसऱ्या गटाला अशी भाषणे करण्यास ‘परवानगी द्यावी का’ असे विचारले होते. बंदी घालावी असे ४६ टक्के लोक म्हणाले, परवानगी देऊ नये असे मात्र ६२ टक्के. दोन्हींचा व्यावहारिक परिणाम एकच, पण ‘बंदी’ हा शब्द कठोर वाटतो म्हणून लोक तो उच्चारायला कचरतात. प्यू रिसर्च सेंटर या जनमत-संशोधन संस्थेने जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेत विचारले की सद्दाम हुसेन यांची राजवट संपवण्यासाठी इराकमध्ये लष्करी कारवाई करण्यास आपला पाठिंबा आहे का. ६८ टक्क्यांनी पाठिंबा दर्शवला. ‘त्यात अमेरिकेचे हजारो सैनिक हताहत झाले तरीही’ एवढी भर घातल्यावर हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले. यांपैकी कोणता प्रश्न खरा, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि दोन वेगळी उत्तरे मिळाली. आपल्याला कोणता विचारायचा आहे, हे मात्र पहिल्या पायरीवर लिहिलेल्या वाक्यावरूनच ठरते.

नकारावर नकार आला की काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९२ मधील आहे. रोपर या जनमत-चाचणी संस्थेने अमेरिकी नागरिकांना विचारले होते की नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी घडलाच नाही हे आपल्याला शक्य वाटते की अशक्य. २२ टक्के लोकांनी ‘शक्य वाटते’ असे उत्तर दिले आणि मोठी खळबळ उडाली. प्रश्नाची रचनाच गोंधळाची आहे हे ध्यानात आल्यावर १९९४ मध्ये तो सरळ शब्दांत पुन्हा विचारला गेला, तेव्हा संहार घडलाच नसणे शक्य मानणारे सुमारे १ टक्का निघाले. आपल्या बोलण्यातही असे प्रश्न सहज येतात. ‘वेळ वाढवू नये असे आपल्याला वाटत नाही ना?’ या प्रश्नाला दिलेले ‘हो’ वेळ वाढवण्याच्या बाजूचे की विरोधातले, हे ते उत्तर देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. प्रश्नात एकही नकार न ठेवणे शक्य असेल, तर ठेवू नये.

प्रत्येक प्रश्नात एकच गोष्ट असावी. ‘ग्रंथालयातील कर्मचारी तत्पर आणि सौजन्यशील आहेत का?’ यात दोन प्रश्न आहेत. कर्मचारी तत्पर पण तुसडे असतील, तर काय लिहायचे? ‘आणि’, ‘किंवा’, ‘तसेच’ हे शब्द आपल्या मसुद्यात शोधा, जोडप्रश्न बहुधा तेथेच सापडतात. काही जोडप्रश्न मात्र अधिक लपलेले असतात. ‘वेळ सोयीची नसल्यामुळे आपण ग्रंथालयात येत नाही का?’ यात आपण येत नाही हे गृहीत धरले आहे आणि न येण्याचे कारणही सुचवले आहे. आधी येता का ते विचारावे, मग न येणाऱ्यांनाच कारण विचारावे आणि कारणांच्या यादीत वेळ हा अनेकांपैकी एक पर्याय असावा. ‘वाचनसंस्कृती टिकवण्यासाठी ग्रंथालय अधिक वेळ उघडे असावे असे आपल्याला वाटते का?’ हा प्रश्न तर उत्तर घेऊनच आला आहे. अशा प्रश्नांतून मिळालेले ९० टक्के ‘हो’ निर्णयासाठी काडीइतकेही उपयोगाचे नाहीत.

‘नियमितपणे’, ‘अनेकदा’, ‘जवळपास’, ‘कुटुंब’ यांसारखे शब्द प्रत्येकाला समजतात, पण प्रत्येकाला वेगळे समजतात. त्यांच्या जागी मोजता येणारी गोष्ट ठेवा : ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस’, ‘आपल्यासह एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्ती किती’. ‘गेल्या महिन्यात’ म्हणजे काहींच्या मते मागील पूर्ण महिना आणि काहींच्या मते आजपासून मागचे ३० दिवस, म्हणून तारखा द्याव्यात किंवा ‘गेल्या ३० दिवसांत’ असे स्पष्ट लिहावे. कालावधी जितका लांब तितकी स्मृती अविश्वसनीय होते. छोट्या घटना विसरल्या जातात आणि ठळक घटना प्रत्यक्षात घडल्या त्यापेक्षा अलीकडच्या वाटतात, त्यामुळे विचारलेल्या कालावधीच्या बाहेरच्या घटनाही आत ओढल्या जातात. नेहमीच्या, बारीकसारीक गोष्टींसाठी आठवडा पुरे. रुग्णालयात दाखल होण्यासारख्या मोठ्या घटनेसाठी वर्ष चालते.

भविष्याविषयीच्या प्रश्नांबाबत विशेष सावध राहावे. ‘वेळ वाढवली तर आपण याल का?’ याला ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘गेल्या ७ दिवसांत संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत आपण कोणत्या दिवशी मोकळे होतात?’ असे विचारले तर निर्णयाला आधार मिळतो. घडून गेलेल्या वर्तनावरून काढलेला अंदाजही अपुरा असतो, तरी तो इच्छेच्या उच्चारापेक्षा बरा.

पायरी ५ : उत्तरांचे पर्याय

पर्याय म्हणजे प्रश्नाचाच भाग. नोव्हेंबर २००८ मधील निवडणुकीनंतर प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकी मतदारांना मत देताना कोणता मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटला, असे विचारले. पाच मुद्द्यांची यादी दिली तेव्हा ५८ टक्क्यांनी अर्थव्यवस्था निवडली. यादी न देता स्वतःच्या शब्दांत सांगायला लावले तेव्हा ३५ टक्क्यांनी. खुल्या प्रश्नात ४३ टक्के लोकांनी त्या पाचांत नसलेले मुद्दे सांगितले, बंद प्रश्नात यादीबाहेर जाणारे फक्त ८ टक्के होते. ‘इतर (लिहा)’ एवढी सोय ठेवली म्हणजे यादीतील उणीव भरून निघते, असे समजणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. म्हणूनच योग्य पद्धत अशी, की आधी थोड्या लोकांना तो प्रश्न खुला विचारावा, त्यांच्या शब्दांत आलेली कारणे गोळा करावीत आणि त्यांतून बंद प्रश्नाचे पर्याय तयार करावेत. अंतिम प्रश्नावलीत एक-दोन खुले प्रश्न पुरेत. प्रत्येक खुले उत्तर कोणीतरी वाचून वर्गात बसवावे लागते आणि या कामाचा वेळ नियोजनात क्वचितच धरलेला असतो.

पर्याय एकमेकांवर चढता कामा नयेत आणि त्यांत फटही राहता कामा नये. ‘२०–३०, ३०–४०’ असे वयोगट दिले तर तीस वर्षांच्या माणसाला दोन जागा मिळतात. ‘२०–२९, ३०–३९’ असे लिहावे, आणि खालच्या-वरच्या टोकांना ‘२० पेक्षा कमी’ व ‘६० किंवा अधिक’ ठेवावे. त्याहून बरे म्हणजे पूर्ण केलेले वय सरळ आकड्यात विचारावे. गट नंतर हवे तसे पाडता येतात, पाडलेले गट मात्र पुन्हा उलगडता येत नाहीत.

अंकांच्या पट्ट्यांमधून लोक अर्थ काढतात. १९८५ मध्ये नॉर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत रोज किती वेळ दूरदर्शन पाहता, असे विचारले. एका गटाला अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून अधिक’ येथे संपणारी पट्टी दिली. दुसऱ्या गटाची पट्टी ‘अडीच तासांपर्यंत’ येथून सुरू होत होती. अडीच तासांहून अधिक पाहतो असे सांगणारे पहिल्या गटात सुमारे १६ टक्के, दुसऱ्यात सुमारे ३८ टक्के निघाले. पट्टीचा मध्य म्हणजे सर्वसाधारण माणूस असे गृहीत धरून लोक स्वतःला त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवतात. ज्या वर्तनाची वारंवारता नीट आठवत नाही, त्यासाठी पट्टी न देता आकडाच विचारावा.

मते मोजण्यासाठी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही श्रेणी सर्वांत परिचित आहे आणि परिचित असल्यामुळेच ती नको तेथे वापरली जाते. विधान कसेही असले तरी ‘सहमत’ म्हणण्याकडे अनेकांचा कल असतो. शिवाय ‘ग्रंथालयातील प्रकाशव्यवस्था चांगली आहे’ याच्याशी असहमत असणाऱ्याला ती वाईट वाटते की उत्कृष्ट, हेही कळत नाही. जे मोजायचे तेच विचारावे :

वाचनकक्षातील प्रकाश वाचण्यासाठी कसा आहे?
खूपच अपुरा / थोडा अपुरा / पुरेसा / थोडा जास्त / खूपच जास्त

येथे प्रत्येक पायरीला शब्द आहेत, दोन्ही बाजूंना समान पायऱ्या आहेत आणि ‘खूप चांगला, चांगला, बरा, वाईट’ अशी एका बाजूला झुकलेली मांडणी नाही. पाच ते सात पायऱ्या बहुतेक कामांसाठी पुरतात. केवळ आकडे द्यायचे असतील तर तेही निरपेक्ष नसतात : श्वार्त्स यांच्याच १९९१ मधील प्रयोगात आयुष्यातील यशाची श्रेणी ० ते १० असताना ३४ टक्के लोकांनी खालचा अर्धा भाग निवडला होता, तीच श्रेणी उणे ५ ते अधिक ५ अशी लिहिल्यावर १३ टक्क्यांनी. शून्य म्हणजे ‘यश नाही’ असे वाटते, उणे ५ म्हणजे ‘सपशेल अपयश’.

‘माहीत नाही’ हा पर्याय द्यावा का, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. तो दिला तर विचार करण्याचे कष्ट टाळायला पळवाट मिळते. न दिला तर मत नसलेले लोक मत तयार करून देतात. जॉर्ज बिशप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात ‘१९७५ चा पब्लिक अफेअर्स ॲक्ट’ या अस्तित्वातच नसलेल्या कायद्याविषयी विचारले, तेव्हा ‘माहीत नाही’चा पर्याय समोर न ठेवल्यास सुमारे एक तृतीयांश लोकांनी त्यावर मत दिले. माझा कल असा आहे : ज्ञान किंवा अनुभव लागतो अशा प्रश्नाआधी ‘आपण ही सेवा वापरली आहे का?’ असा गाळणी-प्रश्न ठेवावा आणि फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच मत विचारावे. तसे जमत नसेल तेथे ‘माहीत नाही’ द्यावे.

‘लागू असतील ते सर्व पर्याय निवडा’ अशी लांब यादी देण्यापेक्षा प्रत्येक बाबीपुढे ‘हो / नाही’ विचारणे चांगले. यादीत लोक वरचे दोन-तीन निवडून थांबतात, आणि खूण नसणे म्हणजे ‘नाही’ की ‘पाहिलेच नाही’, हे कळत नाही.

पायरी ६ : क्रम

आधीचा प्रश्न नंतरच्या प्रश्नाचा संदर्भ बनतो. १९४८ मध्ये हर्बर्ट हायमन आणि पॉल शीट्सली यांनी अमेरिकी नागरिकांना दोन प्रश्न विचारले : साम्यवादी देशांच्या वार्ताहरांना अमेरिकेत येऊन त्यांना दिसेल तसे वृत्त पाठवू द्यावे का, आणि अमेरिकी वार्ताहरांना रशियात तसे करू द्यावे का. साम्यवादी वार्ताहरांचा प्रश्न आधी आला तेव्हा सुमारे ३६ टक्के ‘हो’ म्हणाले. अमेरिकी वार्ताहरांविषयीच्या प्रश्नानंतर आला तेव्हा ७३ टक्के. आपल्यासाठी जे मागितले ते दुसऱ्याला नाकारणे अवघड जाते.

यावरून काढायचे नियम थोडे आहेत. सर्वसाधारण समाधानाचा प्रश्न तपशिलाच्या प्रश्नांआधी ठेवावा. नाही तर नुकतीच ज्याची तक्रार केली तेच एकूण मतावर स्वार होते. ज्या प्रश्नांतून उत्तरदात्याला आपणच नवी माहिती पुरवतो, असे प्रश्न शेवटी न्यावेत. एका विषयाचे प्रश्न एकत्र ठेवावेत आणि विषय बदलताना एका वाक्याने तसे सांगावे. सुरुवातीचा प्रश्न सोपा, विषयाशी थेट जोडलेला आणि सर्वांना लागू असणारा असावा. वय, शिक्षण, उत्पन्न हे शेवटी. पर्यायांना नैसर्गिक क्रम नसेल तर संगणकीय प्रश्नावलीत ते प्रत्येकासाठी उलटसुलट लावण्याची सोय वापरावी, श्रेणींचा क्रम मात्र बदलू नये. ‘नाही असल्यास प्रश्न १२ वर जा’ अशा सूचना कागदावर हमखास चुकतात, म्हणून त्या कमीत कमी ठेवून पर्यायाच्या अगदी शेजारीच छापाव्यात.

पायरी ७ : नाजूक प्रश्न

उत्पन्न, व्यसन, आजार, मतदान यांविषयी विचारले की लोक चारचौघांत शोभेल असे उत्तर देतात. मतदान केले असे सांगणारे प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांपेक्षा अधिक निघतात, हे अनेक देशांत वारंवार दिसले आहे. मुलाखतकारासमोर बोलण्याऐवजी स्वतः भरायची प्रश्नावली दिली तर अशा प्रश्नांना अधिक मोकळी उत्तरे मिळतात. ‘काही कारणांनी अनेकांना मतदानाला जाता येत नाही. आपल्याला या वेळी जमले का?’ अशी प्रस्तावना केल्यास ‘नाही’ म्हणणे सोपे होते. उत्पन्न आकड्यात न विचारता गटांत विचारणे आणि ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय देणे येथे रास्त आहे. वयाबाबत वर जे म्हटले त्याच्या हे उलट आहे, पण रिकाम्या जागेपेक्षा गट बरा. स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये आणखी एक मार्ग दाखवला : दोन परस्परविरुद्ध विधानांपैकी कोणत्या विधानाला उत्तर द्यायचे हे उत्तरदाता गुपचूप फाशासारख्या योगायोगाच्या साधनाने ठरवतो. कोणाचे उत्तर कशाला होते हे मुलाखतकाराला कळत नाही, तरी योगायोगाचे प्रमाण माहीत असल्यामुळे एकूण टक्केवारी गणिताने काढता येते. त्यासाठी बराच मोठा नमुना लागतो, त्यामुळे साध्या सर्वेक्षणात त्याची गरज पडत नाही.

पायरी ८ : प्रस्तावना, संमती आणि लांबी

पहिल्या परिच्छेदात सर्वेक्षण कोण करते आहे, कशासाठी, किती वेळ लागेल, उत्तरे कोण पाहील, ती किती काळ ठेवली जातील आणि भाग घेणे ऐच्छिक आहे, एवढे सांगावे. उत्तरे निनावी असतील असे लिहिले तर ती खरोखर निनावी असली पाहिजेत. फोन क्रमांक, जन्मतारीख आणि राहण्याचा भाग एकत्र विचारून वर ‘निनावी’ म्हणणे ही फसवणूक आहे. वेळ खरा सांगावा. दहा मिनिटांचे आश्वासन देऊन पंचवीस मिनिटे घेतली, तर शेवटच्या प्रश्नांची उत्तरे घाईत दिलेली असतात आणि तो माणूस पुढच्या वेळी दार उघडत नाही.

पायरी ९ : भाषांतर

एकाहून अधिक भाषांत विचारायचे असेल तर एकाने भाषांतर करावे आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावे, ही पद्धत जुनी आहे. तिने ढोबळ चुका सापडतात, पण शब्दशः केलेले अवघडलेले भाषांतर परत आणताना अगदी बरोबर येते आणि दोष झाकलेलाच राहतो. दोघांनी स्वतंत्र भाषांतरे करून तिसऱ्यासह एकत्र बसून प्रत्येक वाक्यावर चर्चा करणे अधिक फलदायी ठरते. श्रेणींच्या शब्दांवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण दोन भाषांतील ‘बऱ्यापैकी’ आणि ‘खूप’ यांमधले अंतर सारखे नसते.

पायरी १० : पूर्वचाचणी

वेळ कमी पडला की हीच पायरी गाळली जाते. माझ्या मते ती गाळायचीच असेल तर सर्वेक्षण पुढे ढकलावे.

प्रथम ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे अशा आठ-दहा जणांना एकेकटे बसवून ती भरायला सांगा आणि भरताना मनात जे येते ते मोठ्याने बोलायला सांगा. निवडताना सहकारी आणि नातेवाईक टाळा. कमी शिकलेले, वयस्कर, विषयाशी संबंध नसलेले असे लोक मुद्दाम घ्या. मध्येच विचारा : ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगाल का?’, ‘हा आकडा तुम्ही कसा काढलात?’, ‘येथे तुम्ही थांबलात, काय मनात आले?’ प्रश्न समजला का, असे विचारू नका. ‘हो’ असेच उत्तर येते. या बैठकांत जे सापडते ते तज्ज्ञांच्या नजरेतूनही निसटलेले असते. ‘ग्रंथालयाचा वापर’ यात अभ्यासिकेत बसणे काही जण धरतात आणि काही धरत नाहीत, हे कागदावर कितीही वेळा वाचून कळत नाही. दोन-तीन जण एकाच ठिकाणी अडखळले की प्रश्न बदला आणि बदललेला प्रश्न नव्या लोकांवर पुन्हा तपासा.

त्यानंतर तीस-चाळीस जणांवर संपूर्ण रंगीत तालीम घ्या, प्रत्यक्ष ज्या मार्गाने विचारणार त्याच मार्गाने. येथे उत्तरांच्या आशयापेक्षा त्यांच्या आकाराकडे पाहायचे असते. कोणता प्रश्न जास्त रिकामा राहिला? कोठे लोक मध्येच सोडून गेले? एखाद्या प्रश्नाला जवळजवळ सर्वांनी एकच पर्याय निवडला असेल तर तो प्रश्न काहीच वेगळे करून दाखवत नाही. ‘इतर’मध्ये वारंवार येणारे उत्तर पर्यायांत हवे होते. लागलेला वेळ मोजा आणि प्रस्तावनेत तोच लिहा. मग ही तीस-चाळीस उत्तरे पहिल्या पायरीवर आखलेल्या रिकाम्या तक्त्यांत प्रत्यक्ष भरून पाहा. तक्ता भरला जातो का, आणि भरलेल्या तक्त्यावरून निर्णय घेता येईल असे व्यवस्थापनाला वाटते का, हे त्यांनाच दाखवून विचारा. ‘हे आकडे असे आले तर आपण काय कराल, आणि उलट आले तर काय कराल?’ दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर तो प्रश्न विचारण्याची गरज नाही.

पायरी ११ : नोंद आणि पुनरावृत्ती

प्रश्नावली अंतिम झाली की प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, प्रत्येक पर्यायाला संकेतांक आणि ‘लागू नाही’, ‘माहीत नाही’, ‘उत्तर दिले नाही’ यांना वेगवेगळे संकेतांक द्या. हे तिन्ही एकाच रिकाम्या घरात टाकले तर नंतर वेगळे करता येत नाहीत. अहवालात टक्केवारीशेजारी प्रश्नाचे नेमके शब्द, पर्याय, क्रम, मार्ग, तारखा आणि उत्तर देणाऱ्यांची संख्या छापावी. तेच सर्वेक्षण पुढील वर्षी पुन्हा करायचे असेल, तर शब्द सुधारण्याचा मोह आवरावा, कारण शब्द बदलले की झालेला बदल लोकांतला की प्रश्नातला, हे सांगता येत नाही. जुना प्रश्न खरोखरच सदोष असेल आणि बदलणे भागच असेल, तर त्या वर्षी नमुन्याचे यादृच्छिक दोन भाग करावेत, एका भागाला जुना आणि दुसऱ्याला नवा प्रश्न विचारावा आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी प्रसिद्ध करावेत, म्हणजे त्यांतील फरकावरून मागील वर्षांचे आकडे नव्या आकड्यांशी जोडून वाचता येतात.